आपली गाढी : उगमापासून खाडीपर्यंत



पनवेलच्या पुलावरून आपण नेहमी जातो. खाली गाढी नदी वाहते. ती येते कुठून? जाते कुठे? हे डोळ्यांनी पाहायचे आम्ही ठरवले आहे. पायी जायचे, काठाकाठाने.

गाढी माथेरानच्या डोंगरात उगम पावते. पायथ्याशी गाढेश्वरजवळ देहरंग धरण आहे. पनवेल शहराला तिथून पाणी मिळते. पुढे नेरे, विचुंबे या गावांजवळून नदी पनवेलला येते आणि खाडीला मिळते.

चालायला तीन रविवार लागतील. पहिल्या रविवारी डोंगराचा पायथा आणि धरण. दुसऱ्या रविवारी नेरे ते विचुंबे. तिसऱ्या रविवारी पनवेल आणि खाडी. पावसाळ्यात मात्र जायचे नाही. डोंगरावर पाऊस पडला की नदी एकाएकी फुगते. मार्गशीर्ष महिना बरा. वाट सुकलेली असते आणि नदीत थोडे पाणीही असते.

उगम म्हणजे एकच झरा, असे समजू नका. अनेक ओहोळ मिळून नदी होते. पायथ्याशी ठाकूर-कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. कोणता ओहोळ शेवटपर्यंत वाहतो, ते तिथल्या वडीलधाऱ्यांना विचारू.

खाडीकडे जाताना पंचांगात तिथी पाहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती येते. मुसळधार पाऊस आणि भरती एकदम आली, तर खाडी नदीचे पाणी घेत नाही. पाणी मागे तुंबते आणि वस्तीत शिरते. २६ जुलै २००५ ला पनवेलने पूर पाहिला आहे. पात्रात राडारोडा टाकला की पाण्याची वाट आणखी अरुंद होते. वर कोणी काय टाकले, ते खालच्याला भोगावे लागते.

म्हणून बरोबर वही घ्यायची. तिच्यात चार रकाने आखा : ठिकाण, तारीख व वेळ, काय दिसले, कोणी सांगितले. “पाणी घाण आहे” एवढे लिहून भागत नाही. पुलाच्या वर की खाली? डावा काठ की उजवा? पाणी वाहते त्या दिशेला तोंड करून उभे राहा. डाव्या हाताला येतो तो डावा काठ.

शेजारची कासाडी नदी आठवा. २०१७ साली तळोजे औद्योगिक वसाहतीत निळी कुत्री दिसली. मग नदीच्या प्रदूषणाची बातमी देशभर गेली. पण मच्छीमारांच्या तक्रारी त्याआधीच्या होत्या. ठिकाण आणि तारीख लिहिलेली तक्रार सहज झटकता येत नाही.

तिन्ही रविवार झाले की वहीवरून अर्ज लिहू. गावातले काम असेल तर ग्रामपंचायतीकडे, शहरातले असेल तर पनवेल महानगरपालिकेकडे. ही महानगरपालिका २०१६ साली झाली. अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवू. तिच्यावर पोच घेऊ.

वही, पेन्सिल, भाकरी आणि पाण्याची बाटली घेऊन या. अर्जाखाली यंदा कोणी अंगठा उठवायचा नाही. प्रत्येकाने आपल्या हाताने सही करायची.