हजेरी आणि हातखंडा



अध्यक्षीय भाषण बहुधा पहिल्या रांगेकडे पाहून होतं. मी आज मागच्या रांगांतल्या तरुण स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलणार आहे. तुमच्यातले कित्येक जण नुकतेच एम.एस. किंवा डीएनबी होऊन बाहेर पडलेत, कुणी बंधपत्राचं वर्ष उपजिल्हा रुग्णालयात काढतंय. कॉलेजात रात्री अडलं तर रजिस्ट्रार, लेक्चरर, युनिट हेड अशी उतरंड मागे उभी असे. आता ती सगळी उतरंड तुम्ही एकटेच. भूलतज्ज्ञ तासाभरावर, रक्तपेढी त्याहून लांब.

अशा डॉक्टरला आपण काय देतो? रात्री नऊचा वेबिनार. दोन वक्ते, ढीगभर स्लाइड, ‘आवाज येतोय का?’ची दहा मिनिटं आणि शेवटी चॅटमध्ये नाव व नोंदणी क्रमांक. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट लागतात. नियमाशी माझं भांडण नाही. पण तास मोजणं सोपं, म्हणून आपण तासच मोजत बसलो. कॅमेरा बंद ठेवून, ओपीडी उरकत मिळवलेला पॉइंटही पॉइंटच धरला जातो. हसू नका, पुरवणारे आपणच आहोत.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचंच घ्या. 500 मिलिलिटरची व्याख्या सगळ्यांना पाठ आहे. पण चादरीवरचं, बोळ्यांतलं, फरशीवरचं रक्त डोळ्यांनी जोखताना आपण हमखास कमी धरतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांत झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. बाईखाली खुणांची पिशवी लावायची आणि रक्तस्राव दिसताच गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन, तपासणी हे सगळं एकदमच सुरू करायचं. एकाचा गुण येतो का म्हणून वाट पाहायची नाही. नेहमीच्या पद्धतीत रक्तस्राव जेमतेम 51 टक्के वेळा ओळखला गेला, या पद्धतीत 93 टक्के. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडणं किंवा त्यातून मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण तिकडे 4.3 टक्के, इकडे 1.6.

आणि ही पिशवी काही परकी नव्हे. आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात मिसोप्रोस्टॉलची चाचणी झाली, तेव्हा गावातल्या बाळंतपणांत तीच वापरली होती. रक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 वर आला, 2006 मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. आज आपल्या किती लेबर रूममध्ये ती पिशवी आहे? हात वर करायला सांगत नाही.

ती नाही, याचं कारण अज्ञान नव्हे. इंडेंट कुठल्या नावानं टाकायचा, रात्रपाळीच्या सिस्टरला कुणी शिकवायचं, स्टोअरकीपर ‘यादीत नाही’ म्हणाला तर पुढे काय, असे प्रश्न एकतर्फी व्याख्यानात येतच नाहीत. ते विचारायला समोर माणूस लागतो, आणि तोच माणूस पुढच्या खेपेलाही लागतो.

पुण्याच्या एएफएमसीत शिकलेले डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत हेच ओळखलं. हिपॅटायटिस सीचे रुग्ण त्यांच्या विद्यापीठापर्यंत पोचेनात. म्हणून त्यांनी गावोगावच्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर आपापली केस मांडायला लावलं. 2011 मध्ये निकाल प्रसिद्ध झाले: विद्यापीठात 57.5 टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाले, गावांतल्या आणि तुरुंगांतल्या दवाखान्यांत 58.2 टक्के. व्याख्यानं तिथंही होती, पण छोटी; तास जाई तो केसवर.

तेव्हा माझा प्रस्ताव असा. आठ-दहा तरुण, दोन ज्येष्ठ, दर पंधरवड्याला पाऊण तास, वर्षभर तीच माणसं. केस तरुणानं मांडायची, रुग्णाचं नावगाव वगळून. ज्येष्ठांनी आधी प्रश्न विचारायचे, सल्ला मागाहून. औषध कंपनी नको. रेकॉर्डिंगही नको, ते चालू असलं की कुणी फसलेली केस काढत नाही. कॉल आला तर खुशाल उठून जावं. बी-लिंचचा टाका मात्र पडद्यावर हातात बसत नाही. त्यासाठी वर्षातून दोन दिवस प्रत्यक्ष बोलवावं लागेल, आणि तो खर्च या अधिवेशनाच्या जेवणावळीतून सहज निघेल, असं खजिनदारांच्या समोरच सांगतो.

पहिला गट पुढच्या महिन्यात, विषय रक्तस्रावच. ज्येष्ठांसाठी वही भोजनकक्षाच्या दारात ठेवली आहे. वर्षभर वेळ देता येणार असेल, तरच सही करा.