गोंदलेला हात

मुंबईत हॉटेल मॅनेजमेंट शिकवण्यात माझी बावीस वर्षं गेली. केंद्रीय संस्थांमध्ये अनुसूचित जमातींसाठी साडेसात टक्के जागा राखीव असतात. त्यामुळे नंदुरबार, पालघरकडची दोन-चार आदिवासी मुलं माझ्या वर्गात असायची. प्रवेश मिळाला म्हणजे प्रश्न सुटला, असं मीही बरीच वर्षं धरून चाललो होतो.

अक्कलकुव्याकडची एक भिल्ल मुलगी आठवते. घरी भिली, आश्रमशाळेत मराठी, प्रवेश परीक्षा हिंदी-इंग्रजीत आणि किचनमध्ये पाऊल टाकलं की फ्रेंच! 'ज्युलियन' म्हणजे काडेपेटीतल्या काडीसारखे बारीक तुकडे, एवढं सांगताच तिने गाजरं अशी कापली की मी बघतच राहिलो. अडत होतं ते वेगळ्याच ठिकाणी. काळे बूट, पांढरे कोट, सुऱ्यांचा संच पहिल्याच आठवड्यात लागतो. शिष्यवृत्ती मात्र सावकाश येते. मग आम्ही जुन्या विद्यार्थ्यांकडून कोट, सुऱ्या गोळा करून एक कपाट भरलं. ते सोपं होतं.

तिच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होतं. दिसणारा टॅटू हॉटेलांना चालत नाही, म्हणून मी 'ग्रूमिंग'चे गुण कापले. ती शांतपणे म्हणाली, "सर, लहानपणी आजीने गोंदवलंय. पुसता येत नाही." मानेवर हौसेने विंचू काढून घेणारा पोरगा आणि ही, दोघांना मी एकाच रकान्यात टाकलं होतं.

तिला फ्रंट ऑफिसला जायचं होतं. कॅम्पस मुलाखतीत एका मोठ्या हॉटेलच्या लोकांनी तिचे हात पाहिले आणि किचनची जागा देऊ केली. तिथे कोटाच्या बाह्या लांब! तिने ती घेतली. घरी पैसे पाठवायचे होते.

त्यानंतर मुलाखतींच्या आधीच मी हॉटेलांना फोन करू लागलो. गोंदण असलेली मुलगी रिसेप्शनला चालेल का? काहींनी लांब बाह्यांचा गणवेश द्यायची तयारी दाखवली. काही जण "वरिष्ठांना विचारून सांगतो" म्हणाले, त्यांचे फोन काही आले नाहीत.

ती आज सू-शेफ आहे, पगारही चांगला आहे. तरी दर दिवाळीला फोनवर विचारते, "सर, आपल्याकडची कोणी रिसेप्शनला लागली का?"

यंदा सांगितलं, दोघी लागल्या. दोघींच्याही गणवेशाच्या बाह्या लांब आहेत, हे मात्र सांगितलं नाही.