खिडकी बदलायची, पण कोणत्या भिंतीतली?

जुनी खिडकी काढून नवी बसवण्याचा विषय महाराष्ट्रातल्या घराघरांत मे महिन्यातच निघतो. मृग लागायच्या आत काम उरकायचे असते, त्यामुळे या दिवसांत फॅब्रिकेटर सहसा फोन उचलत नाहीत. जो उचलतो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: टू-ट्रॅक की थ्री-ट्रॅक? घरमालकाचा पहिला प्रश्नही ठरलेला, चौरस फुटाचा दर काय? खिडकी कोणत्या दिशेच्या भिंतीत आहे, तिच्यावर छज्जा आहे की नाही, समोरून पाऊस येतो की बाजूने, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही. खरे तर निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.

जुन्या वाड्यातल्या खिडकीला बहुधा काच नसे. सागवानी चौकट, उभे गज, दोन झडपा आणि आतून कडी, एवढ्यावर भागे. गोव्याच्या जुन्या घरांत अजूनही लाकडी पट्ट्यांमध्ये बसवलेल्या शिंपल्यांच्या पातळ चकत्या दिसतात. त्यांतून उजेड येतो, पण डोळ्यांना तिरीप लागत नाही. १९३० आणि ४०च्या दशकांत मुंबईत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या परिसरात आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. त्यांनी लोखंडी चौकटीच्या सडपातळ खिडक्या आणल्या आणि त्यांच्यावर मजल्यामजल्याला लांबच लांब छज्जे काढले. हा परिसर २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. मात्र त्याच्या बऱ्याच आधी समुद्राच्या हवेने अनेक चौकटींचा घास घेतला होता. लोखंड गंजले की फुगते, आणि फुगलेली चौकट काचेला दाबून तडा देते. मग ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आली. ती गंजत नाही, स्वस्त पडते, पडद्याला अडत नाही. बघता बघता ती सगळीकडे पसरली.

या बदलात खोलीची निम्मी हवा गेली, आणि याची तक्रार फारशी कोणी केली नाही.

कब्ज्यावर उघडणारी खिडकी जवळजवळ पूर्ण मोकळी होते. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली नव्या निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ काढली. तिच्या हिशेबात अशा खिडकीचा ९० टक्के भाग उघडा धरला जातो, तर दोन पाखांच्या सरकत्या खिडकीचा फक्त ५० टक्के. थ्री-ट्रॅक घेतली म्हणजे जास्त उघडेल, असा अनेकांचा समज असतो. पण आपल्याकडे तिसऱ्या ट्रॅकवर बहुधा मच्छरदाणीची जाळी असते, त्यामुळे मोकळा भाग निम्माच राहतो. हीच संहिता मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात घराच्या चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे सहाव्या हिश्शाइतका भाग उघडणारा मागते. हा हिशेब १२० चौरस फुटांच्या एका खोलीला लावून पाहिला तर २० चौरस फूट लागतात. चार बाय पाचची सरकती खिडकी त्यातले १० देते, तेवढ्याच मापाची कब्ज्याची खिडकी १८ देते.

आता पाऊस. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी साचणे हा बिघाड नाही, तिची रचनाच तशी आहे. ट्रॅकमध्ये पडलेले पाणी बाहेरच्या बाजूच्या बारीक भोकांतून निघून जावे अशी सोय असते. पण वारा बाहेरून दाबत असला की भोकांतून पाणी बाहेर पडत नाही. ते ट्रॅकमध्ये चढत राहते. किती चढेल, हे गणिताने काढता येते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरचा झोत पाणी सुमारे १.७ सेंटिमीटर वर तोलून धरू शकतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. त्या वेगाला हाच आकडा ६ सेंटिमीटरच्या आसपास जातो, आणि चार बाय पाचच्या खिडकीवर शंभराहून अधिक किलोंचा रेटा येतो. तेव्हा दुकानात नमुना पाहताना काचेवर टिचकी मारण्याऐवजी ट्रॅकच्या आतल्या कडेची उंची मोजपट्टीने मोजावी. ती बोटाच्या पेराएवढीच असेल, तर नैर्ऋत्येचा पाऊस थेट अंगावर घेणाऱ्या भिंतीत ती खिडकी बसवू नये.

बाहेर उघडणारी कब्ज्याची खिडकी इथे उजवी ठरते. वारा तिला चौकटीवरच्या रबरी पट्टीवर आणखी घट्ट दाबतो, तर सरकत्या पाखांच्या कडेला नुसता केसाळ ब्रश असतो. अर्थात तिचीही कटकट आहे. पाखे बाहेर उघडायचे तर ग्रिल आत घ्यावे लागते, आणि वरच्या मजल्यावर पाखा आपटू नये म्हणून दणकट घर्षण-स्टे लागतो. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत पावसाच्या तोंडावरच्या भिंतीसाठी ही कटकट सोसावी. गॅलरीच्या आत किंवा खोल छज्ज्याखाली सरकती खिडकी खुशाल घ्यावी, तिथे ती सोयीचीच आहे.

उन्हाच्या बाबतीत गोंधळ जास्त आहे, कारण विक्रीची भाषाच थंड देशांतून आली आहे. प्रदर्शनात दुहेरी काचेमागे दिवा लावतात आणि हात ठेवायला सांगतात. लोक प्रभावित होतात. मुंबईतल्या पश्चिमेच्या भिंतीवर मात्र आकडे वेगळेच बोलतात. दुपारी चारला एक चौरस मीटर काचेवर ५०० वॅट ऊन पडते असे धरू. साधी काच त्यातले सुमारे ४०० वॅट आत सोडते. बाहेर ३५ आणि आत २७ अंश असतील, तर केवळ तापमानातल्या फरकामुळे त्याच काचेतून झिरपणारी उष्णता ४५ वॅटच्या आसपास असते. साधी दुहेरी काच मुख्यतः हे ४५ निम्म्यावर आणते, आणि ४०० मधून फार तर ५० कापते. म्हणजे मोठा खर्च करून लहान वाटेवर पहारा बसवला, हमरस्ता मोकळाच राहिला.

हमरस्ता अडवायचा तर ऊन काचेवर पडण्याआधी थोपवावे लागते. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला तिथे शून्य सावलीचा दिवस येतो, आणि जूनमध्ये माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. दक्षिणेच्या खिडकीला त्यामुळे उन्हाळ्यात ऊन जेमतेम लागते, दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेला तोच छज्जा हात टेकतो, कारण तिथे सूर्य खाली उतरून समोरून येतो. तिथे बाहेरून सोडलेली बांबूची चिक, उघडमीट करता येणारी लाकडी झडप किंवा उभ्या पट्ट्याच कामाला येतात. आतला जाड पडदा उशिरा जागा होतो. तोवर ऊन काच ओलांडून खोलीत आलेले असते. ऊन अडवणारा लेप दिलेली काचही मिळते, आणि ती ५०० वॅटमधले दीडशेच आत सोडू शकते. पण खोली जरा अंधारते, आणि वाऱ्यासाठी खिडकी उघडली की लेपाचा उपयोग तिथेच संपतो.

नागपूरचा न्याय निराळा. बाहेर ४५ अंश आणि आत एसीचे २७ असतील, तर तापमानाच्या फरकामुळे येणारी उष्णता दुपटीहून जास्त होते. दुपारभर दारे-खिडक्या बंद करून वाळ्याची ताटी भिजवणाऱ्या विदर्भात घट्ट बसणारी खिडकी आणि दुहेरी काच यांचा खर्च समजण्यासारखा आहे.

ॲल्युमिनियम की यूपीव्हीसी, या वादात बाजारात जितका आवाज होतो तितके काही अडलेले नसते. यूपीव्हीसीला खाऱ्या हवेचे भय नाही, पण तिच्या पोकळीत जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची पट्टी आहे ना, ते विचारावे. तापल्यावर यूपीव्हीसी ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट पसरते, म्हणून भोवती काही मिलिमीटर जागा हवीच. ॲल्युमिनियम घेतले तर सेक्शनची जाडी किती मिलिमीटर आणि कोटिंग किती मायक्रॉन, हे कोटेशनवर लिहून घ्यावे.

रस्त्याचा आवाज हे खिडकी बदलण्याचे आणखी एक मोठे कारण. इथे फट हाच खरा शत्रू आहे. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का फट राहिली, तरी काच कितीही जाड असो, २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. दोन काचांमध्ये चिवट पारदर्शक थर असलेली लॅमिनेटेड काच घट्ट बंद होणाऱ्या चौकटीत असेल, तरच पैसे वसूल होतात. फुटली तरी तिचे तुकडे त्या थराला धरून राहतात, म्हणून रस्त्यावरच्या उंच मजल्याला ती योग्य. टफन्ड काच फुटून बारीक, बोथट खडे होतात. पण ती टफन केल्यावर कापता येत नाही, तेव्हा माप चुकले की काच गेली.

म्हणून माप रुंदीचे तीन ठिकाणी, उंचीचे तीन ठिकाणी घ्यावे, दोन्ही कर्ण ताडून पाहावेत आणि सर्वांत लहान माप धरावे. तोडफोड टाळायला जुन्या चौकटीतच नवी चौकट बसवण्याचा सल्ला हमखास मिळतो. चारही बाजूंनी दोन-दोन इंच गेले, तर चार बाय पाचच्या खिडकीचा सातवा हिस्सा हरवतो. आधीच लहान असलेल्या खिडकीला हे परवडत नाही.

गळतीचा दोष अनेकदा खिडकीचा नसून खालच्या दगडी पाटाचा निघतो. पाटाला बाहेर उतार आणि खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच हवी, नाहीतर सिलिकॉनच्या नळ्या ओतूनही ओल येतच राहते. काम झाल्यावर पैसे चुकते करण्याआधी बाहेरून पाण्याचा पाइप धरावा, आणि तो खालून वर न्यावा. वरून सुरुवात केली तर सगळीकडूनच पाणी ओघळते आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही.

उरले ग्रिल. बाहेर काढलेल्या पिंजऱ्यासाठी सोसायटीची परवानगी आधी घ्यावी. कुंड्या, कपडे आणि शिडी ठेवायला तो सोयीचा वाटतो, पण आग लागली तर अग्निशमन दलाच्या जवानाला तोच कापत बसावे लागते. माणूस बाहेर पडेल एवढा त्यातला एक भाग आतून उघडणारा ठेवायला सांगावे. कब्जे आणि कडीकोयंडा तेवढे जास्तीचे लागतात, आणि ग्रिल वेल्डिंगला जाण्याआधी सांगितले तर फॅब्रिकेटर ते सहज करून देतो.