घरखर्चाचे अंदाजपत्रक आणि त्याचा ताळमेळ



रोजमेळ जुळल्याखेरीज पेढीला कुलूप लागत नाही, ही व्यापाऱ्याची जुनी शिस्त. दहा रुपयांचा फरक आला तरी मुनीम पुन्हा बेरीज मांडतो. तोच व्यापारी घरी परतल्यावर महिन्याचा खर्च विचारला, तर "असेल चाळीसेक हजार" एवढेच उत्तर देतो. पेढीवर ज्या 'असेल'ला थारा नाही, त्याला घरात मात्र मानाचे स्थान मिळते. चांगली मिळकत असूनही कर्जात सापडलेल्या अनेक घरांच्या अडचणीचे मूळ या एका शब्दात असते.

उदाहरणादाखल चौघांचे एक कुटुंब घ्यावे. मासिक उत्पन्न ६०,००० रुपये. किराणा, दूध, भाजी, वीज, प्रवास असा नित्याचा खर्च ३८,०००. वरकरणी शिल्लक २२,०००. या शिल्लकीच्या भरवशावर कुटुंबाने १०,००० रुपयांच्या हप्त्याने मोटार घेतली. हिशेब बिनचूक वाटतो; पण त्यात वर्षातून एकदा येणारे खर्च धरलेलेच नाहीत. उन्हाळ्यात भरावयाचे वर्षाचे धान्य व मसाले ३६,०००, जूनमधील शाळेचे शुल्क ४८,०००, विम्याचे हप्ते २४,०००, सण व लग्नकार्ये ३६,०००, औषधोपचार २४,००० आणि घराची डागडुजी १२,०००. एकूण १,८०,०००, म्हणजे दरमहा १५,०००. खरी शिल्लक २२,००० नव्हे, केवळ ७,००० होती. मोटारीच्या हप्त्याने दरमहा ३,००० ची तूट निर्माण झाली, वर्षाची ३६,०००. ही तूट क्रेडिट कार्डावर ढकलली, तर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या दराने वर्षाचे व्याज ४२ टक्क्यांवर जाते. घर उधळपट्टीने नव्हे, अपुऱ्या मांडणीने कर्जात गेले.

म्हणून अंदाजपत्रकाचा पहिला नियम असा, की वार्षिक खर्चाची बेरीज करून तिचा बारावा भाग दरमहा वेगळ्या खात्यात ठेवावा. त्याविना जूनची मेशी तुलना करणे व्यर्थ आहे. जून नेहमीच उधळा आणि मे नेहमीच काटकसरी भासेल.

दुसरा नियम तुलनेचा. वहीत प्रत्येक बाबीपुढे तीन रकाने असावेत : अंदाज, प्रत्यक्ष आणि फरक. फरक आढळला, की तो भावामुळे की वापरामुळे, हे तपासावे. समजा, तेल १२० रुपये दराने पाच लिटर लागत होते; खर्च ६००. पुढे १५० रुपये दराने सहा लिटर लागले, खर्च ९००. वाढलेल्या ३०० रुपयांपैकी पाच लिटरवरील १५० रुपये बाजारभावाचे आहेत; उरलेले १५० जादा लिटरचे आहेत. बाजारावर गृहिणीचा इलाज नाही, वापरावर आहे. महागाईच्या नावे सर्व खापर फोडणे आणि गृहिणीला दोष देणे, दोन्ही अन्यायच.

दुसऱ्याच्या घराशी तुलना करताना अधिक सावधता हवी. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये, तर ग्रामीण भागात ४,१२२ रुपये होता. त्यांपैकी अन्नावर शहरात सुमारे ४० टक्के आणि खेड्यात सुमारे ४७ टक्के खर्च झाला. हे आकडे दरडोई आहेत, हे विसरू नये. सहा माणसांच्या घराची तीन माणसांच्या घराशी, भाडेकरूची घरमालकाशी तुलना एकूण रकमेवरून होत नाही. आणि सरासरी हा आरसा आहे, आदर्श नव्हे.

अखेरची बाब सर्वांत जिव्हाळ्याची. कर्ता पुरुष अकस्मात गेला आणि विमा कोठे, कर्ज किती, उधारी कोणाकडे, हे पत्नीला ठाऊकच नसले, तर दुःखाच्या दिवसांत तिला कागद शोधत हिंडावे लागते. ज्या घरात महिन्याच्या पहिल्या रविवारी पती, पत्नी आणि जाणती मुले वही उघडून एकत्र बसतात, त्या घरावर ती वेळ येत नाही. त्या अर्ध्या तासात मुलेही वडिलांच्या नकारामागचे कारण समजून घेतात.

पेढीची वही नफा सांगते. घराची वही विश्वास राखते. दोन्ही वह्यांना सारखाच मान मिळावा, हीच अपेक्षा.