जन्मतारखेचा कागद



कायद्याच्या पदवीदान समारंभात यशाच्या गोष्टी सांगायचा रिवाज आहे. मी मात्र ज्यात सरकार तोंडावर आपटलं, अशा एका प्रकरणाबद्दल बोलणार आहे.

अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या एल्डोराडो गावाजवळ एफएलडीएस या पंथाची वसाहत होती. मॉर्मन परंपरेतून फुटून निघालेला हा बहुपत्नीक पंथ. कोणाची गाठ कोणाशी बांधायची, हे त्यांचा 'प्रेषित' वॉरन जेफ्स ठरवी. एप्रिल २००८ मध्ये छळ होत असलेल्या एका सोळा वर्षांच्या मुलीचा म्हणून फोन आला, पोलीस आत शिरले आणि चारशेहून अधिक मुलं सरकारने ताब्यात घेतली. त्यात मुलगे होते, तान्ही बाळंही होती. फोन बनावट निघाला. 'अल्पवयीन माता' म्हणून धरलेल्यांपैकी कित्येक जणी सज्ञान ठरल्या. २९ मे रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं पाऊल अवाजवी ठरवलं आणि मुलं घरी परतली.

म्हणजे आत सगळं आलबेल होतं? मुळीच नाही. बारा ते पंधरा वर्षांच्या वयात बारा मुलींची लग्नं लावल्याचं त्याच सरकारी चौकशीत पुढे आलं. पण सरकारने न्यायालयापुढे अख्खी वसाहत एकच घर म्हणून उभी केली होती. अमक्या मुलीला आज, या घटकेला कोणता धोका आहे, याचं उत्तर मुलीगणिक द्यायला हवं होतं. ते दिलं गेलं नाही.

फौजदारी खटल्यांत ते द्यावंच लागलं. छाप्यात पंथाची दप्तरं सापडली होती. कोणत्या घरात कोण, वय किती, सगळं टापटिपीने लिहिलेलं. (देवाला हिशेब द्यायचा म्हणून लिहिलं असावं, तो घेतला ज्यूरीने.) फोन खोटा होता म्हणून हा पुरावा बाद करा, अशी मागणी झाली, ती टिकली नाही. लग्न 'आध्यात्मिक' होतं, असं म्हणण्यातही अर्थ नव्हता. नोंदणी नाही, पहिली बायको नांदती. कायद्याच्या लेखी ते लग्नच नव्हतं. मग नवरेपणाची ढाल कुठली? बारा आणि पंधरा वर्षांच्या दोन मुलींवरच्या अत्याचाराबद्दल २०११ मध्ये जेफ्सला जन्मठेप आणि वर वीस वर्षं झाली.

युटा राज्यातला त्याच्यावरचा आधीचा खटला मला अधिक शिकवणारा वाटतो. चौदा वर्षांच्या मुलीचं लग्न लावून दिल्याबद्दल तो २००७ मध्ये बलात्काराचा साथीदार म्हणून दोषी ठरला, आणि २०१० मध्ये ती शिक्षा रद्द झाली, कारण ज्यूरीला दिलेल्या सूचनांत चूक होती. आपल्याकडे मात्र लग्न लावणाऱ्याला, साथीदार न ठरवता, थेट पकडता येतं. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याचं कलम १० त्याच्यासाठीच आहे. तरीही ते वापरताना भटजी, काझी, मांडववाला यांच्यापैकी कोणी नेमकं काय केलं, हे माणसागणिक सिद्ध करावं लागेलच.

तुमच्यातले काही जण लवकरच सरकारच्या बाजूने उभे राहतील. ग्रामपंचायत अधिकारी बालविवाहाची फाईल घेऊन येईल. तीत लग्नपत्रिका असेल, मांडवातले फोटो असतील, गावकऱ्यांचे जबाबही असतील. तुम्ही आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला शोधा. तो नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आणि मुली दोन असतील, तर कागदही दोघींचे वेगवेगळे मागून घ्या.