तिभिरीन : ज्यांना निघून जाता येत होतं ते का राहिले?

आज जायचंय अल्जेरियाला. राजधानी अल्जियर्सच्या दक्षिणेला साधारण ९० किलोमीटरवर, ॲटलास पर्वतात, मेदेआ शहराजवळ तिभिरीन नावाचं गाव आहे. बर्बर भाषेत या नावाचा अर्थ भाजीचे मळे. इथे १९३८ मध्ये ट्रॅपिस्ट पंथाच्या कॅथलिक संन्याशांनी मठ सुरू केला. आजूबाजूला सगळी वस्ती मुसलमानांची.

ट्रॅपिस्ट म्हणजे ठरलेल्या वेळी प्रार्थना, मधल्या वेळात शेतीकाम आणि बोलणं कमी. गावोगाव धर्मप्रचार करणं हे त्यांचं काम नाही. पण ते एक शपथ घेतात, ती लक्षात ठेवा: स्थैर्याची. ज्या मठाचे झालो, मरेपर्यंत तिथलेच. आपण आयटीवाले दोन वर्षांत कंपनी बदलतो, म्हणून हे आपल्याला जरा विचित्रच वाटतं.

आता अडचण बघा. हे लोक आले फ्रेंच राजवटीत, राज्यकर्त्यांच्या बाजूचे म्हणून. १९५४ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. डोंगरातली विस्थापित कुटुंबं मठाच्या आसऱ्याला आली आणि तिथे गाव वाढलं. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला, बहुतेक युरोपीय निघून गेले. मठही बंद व्हायच्या बेतात होता, पण अल्जियर्सचे आर्चबिशप ड्यूव्हाल यांनी विरोध केला. मठाने बरीचशी जमीन सोडली. उरलेली पुढे गावकऱ्यांबरोबर वाट्याने कसली.

गावाचा खरा आधार होते ब्रदर ल्यूक. डॉक्टर. १९४६ मध्ये अल्जेरियात आले आणि शेवटपर्यंत मठाचा दवाखाना चालवला. पैसे घ्यायचे नाहीत आणि समोरचा कुठल्या बाजूचा, हे विचारायचं नाही.

दुसरं नाव क्रिस्तियाँ द शेर्जे, १९८४ पासून मठाचे प्रमुख. तरुणपणी ते फ्रेंच सैन्यात अल्जेरियात होते. तिथल्या मोहम्मद नावाच्या मुसलमान मित्राने एका चकमकीत त्यांना वाचवलं आणि त्यापायी स्वतःचा जीव गमावला. ते ऋण क्रिस्तियाँ कधी विसरले नाहीत. पुढे त्यांनी अरबी शिकून कुराणाचा अभ्यास केला.

मग आलं १९९० चं दशक. सैन्याने निवडणूक रद्द केली आणि यादवी सुरू झाली. डिसेंबर १९९३ मध्ये मठापासून जवळच १२ क्रोएशियन कामगारांचे गळे चिरले गेले. दहाच दिवसांनी, नाताळच्या आदल्या रात्री, हत्यारबंद टोळी मठाच्या दारात आली. क्रिस्तियाँनी सांगितलं, इथे हत्यार घेऊन कुणी येत नाही, बोलायचं तर बाहेर. टोळीने डॉक्टर, औषधं आणि पैसे मागितले. ल्यूक डोंगरात येणार नाहीत, पण जखमी इथे आला तर उपचार होतील, असं उत्तर मिळालं. टोळी परत गेली.

आता राहायचं की जायचं? सगळ्यांनी बसून चर्चा केली, मतं घेतली. भीती सगळ्यांनाच होती. पण त्यांच्याकडे फ्रान्सचा रस्ता होता, शेजाऱ्यांकडे नव्हता. म्हणून ते राहिले.

२६-२७ मार्च १९९६ च्या रात्री सात जणांना पळवून नेलं. ल्यूक तेव्हा ८२ वर्षांचे होते. दोघे नजरेतून सुटले म्हणून वाचले. ३० मे रोजी सातही जणांची फक्त मस्तकं सापडली. जीआयए या सशस्त्र गटाने जबाबदारी घेतली. पण सैन्याचा हात होता का, हा वाद आजही मिटलेला नाही.

क्रिस्तियाँनी आधीच एक पत्र लिहून ठेवलं होतं. माझं काही बरंवाईट झालं तर त्याचा दोष इस्लामला किंवा अल्जेरियाच्या लोकांना देऊ नका, आणि असेच मेलेल्या बाकीच्यांना विसरू नका, असा त्याचा आशय. हे बाकीचे म्हणजे बहुतेक सगळे मुसलमानच. त्या यादवीत एक लाखाहून जास्त माणसं गेल्याचं मानलं जातं. त्यांच्यापैकी बहुतेकांवर सिनेमे निघाले नाहीत. या सात जणांवर २०१० मध्ये निघाला, कानमध्ये ग्रां प्री मिळालेला.

म्हणून ही गोष्ट 'ख्रिश्चन विरुद्ध मुसलमान' अशा थंबनेलखाली फॉरवर्ड झाली, तर जरा थांबा. सात जणांच्या कबरी तिभिरीनमध्येच आहेत. मठ आजही उभा आहे, तिथे माणसं राहतात, मळा पिकतो.

तुमच्या आसपास असं कुणी आहे का, ज्याला सहज निघून जाता आलं असतं पण जो राहिला? कॉमेंटमध्ये नक्की सांगा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये.