भागीचे घोडे

(मंडळाच्या कोरगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. बँकेत कारकून आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यापासून दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब लिहीत आलो. कार्यवाहांनी 'समस्या सोडवताना येणारे मानसिक व सामाजिक अडथळे' असा जड विषय दिला, तेव्हा मी त्यांना म्हटले, पुस्तकातले सांगण्यापेक्षा आपल्या घरचे उदाहरण घेतो. ते उदाहरण म्हणजे आपले खाजन.

भरतीचे पाणी अडवणारा बांध, भरतीला मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी मानस आणि आत भातशेती. पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून आपल्या पूर्वजांनी ही व्यवस्था चालवली. तेव्हा इंजिनिअर नव्हते, टेंडर नव्हते. आज दोन्ही आहेत आणि बांध फुटतात. मग कमी काय पडते? अक्कल तर नक्कीच नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीजवळच्या बांधाला कुर्ल्यांच्या बिळांतून पाणी झिरपू लागले. मी ते पाहिले. रोज सकाळी त्या वाटेने जाणाऱ्या सगळ्यांनी पाहिले. चार माणसे, दहा टोपल्या चिखल आणि एका सकाळचे काम होते. ते कोणी केले नाही. पावसात तिथे खांड पडली, खारे पाणी शेतात शिरले आणि दोन वर्षे त्या खाजनात भाताची काडी उगवली नाही. मग देवळात सभा झाली. त्या सभेत जे घडले, त्यातच आजचा विषय आला.

पहिला अडथळा. दोन तास सभा चालली आणि दोन्ही तास चर्चा 'कोणाचे चुकले' यावर झाली. 'बांधाला काय झाले, आता काय करायचे' हा विषय निघाला तेव्हा अर्धी मंडळी उठून गेली होती. दोषी सापडला की प्रश्न सुटला, असे आपल्याला वाटते. बँकेत रोकड जुळली नाही, तर आम्ही आधी फरक शोधतो. मेमो नंतर येतो. कारण पहिल्याच मिनिटाला मेमोची भाषा झाली, तर ज्याला फरक ठाऊक आहे तोही तोंड उघडत नाही.

दुसरा अडथळा सवयीचा. अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने 1942 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. लहानमोठ्या भांड्यांनी ठरावीक पाणी मोजायची कोडी त्याने लोकांना घातली. पहिली काही कोडी एकाच लांबलचक रीतीने सुटत. पुढे सोपी रीत समोर असतानाही बहुतेकांनी जुनीच लांबची रीत वापरली. आपली लांबची रीत म्हणजे निवेदन. रस्ता, पाणी, बांध, शाळा, काहीही असो, आपण निवेदन लिहितो, आमदारांना देतो, फोटो काढतो आणि घरी येतो. निवेदन वाईट नाही. मोठ्या खांडीला मामलेदार आणि कृषी खाते लागतेच. पण कुर्लीच्या बिळाला निवेदन लागत नाही, फावडे लागते.

तिसरा अडथळा सर्वांत मोठा. आपली म्हण आहे, भागीचे घोडे किवणाने मेले. घोड्याचे मालक चार, म्हणून जखमेला औषध लावणारा एकही नाही. अमेरिकेत डार्ली आणि लाताने या दोघांनी 1968 साली हेच मोजून दाखवले. शेजारच्या खोलीत कोणाला तरी झटका आला आहे, असा आवाज ऐकवला. ऐकणारा एकटाच आहे असे वाटले, तेव्हा शंभरातले 85 वेळीच मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटले, तेव्हा फक्त 31 उठले. ती माणसे दुष्ट नव्हती. 'कोणीतरी गेला असेल' असे प्रत्येकाला वाटले. बांधावरून जाताना मलाही तसेच वाटले होते.

यात आपला इतिहासही आहे, तो प्रामाणिकपणे बोलला पाहिजे. पूर्वी बांधाची काळजी कुठे कोमुनिदाद घेई, कुठे भाटकार. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात 1964 चा कुळकायदा झाला आणि 1976 च्या दुरुस्तीने कुळाला मालक मानले. ते न्यायाचेच होते. माझे आजोबा कूळ होते, त्यामुळे हे मी कृतज्ञतेने सांगतो. बांध-मानशीची दुरुस्ती ही कुळांची संयुक्त जबाबदारी, असे 1975 चे नियमही झाले. जमिनीचे हक्क प्रत्येकाच्या नावावर आले. जबाबदारी मात्र 'संयुक्त' राहिली आणि संयुक्त म्हणजे कोणाचीच नाही, असा अर्थ आपण लावला. बँकेत ज्या रकमेचा धनी ठरत नाही, ती सस्पेन्स खात्यात टाकतात. पण ते खाते ठरल्या वेळी रिकामे करावे लागते, नाहीतर तपासनीस विचारतो. गावाच्या सस्पेन्स खात्याला तपासनीस नाही. पन्नास वर्षे नोंदी साचत आहेत.

चौथा अडथळा भिडेचा, आणि इथे मला माझीच चूक सांगायची आहे. मानशीची पावणी त्या वर्षी ज्याने घेतली होती, तो मासळीसाठी मानस जास्त वेळ उघडी ठेवी. पाण्याच्या ओढीने बांधाचा पाया धुपत होता. हे मला दिसत होते. पण तो गृहस्थ माझ्या बहिणीच्या सासरकडचा. सभेत मी गप्प बसलो. आपण जुनी घराणी. एका घरची लेक दुसऱ्या घरची सून. हे नाते आपले बळ आहे, आणि तेच आपले तोंडही धरते. नंतर एकदा त्यांच्या घरी चहा घेताना मी भीत भीत विषय काढला. ते म्हणाले, ''अरे, मग तेव्हाच सांगायचे नाही का? मला वाटले, तुम्हा कोणाला शेती करायचीच नाही.'' मी दोन वर्षे ज्याला भ्यालो, ते हे उत्तर!

आता वेळ फार नाही. खाजन पडीक राहिले की खारफुटी वाढते, आणि तिला कायद्याचे संरक्षण आहे. मग शेत परत मिळवणे कठीण. मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून पेडण्यात जमिनीची चौकशी करणारे वाढले आहेत, आणि त्यांची नजर आधी पडीक जमिनीवर जाते. शेतजमीन शेतकरी नसलेल्याच्या हाती जाऊ नये म्हणून 2023 साली गोव्यात कायदा झाला. तो विक्री अडवील, खारे पाणी अडवणार नाही.

मग करायचे काय? एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. स्पेनमधले पाटाचे पाणी, स्वित्झर्लंडमधली गायराने लोकांनी शतकानुशतके एकत्र कशी राखली, याचा त्यांनी अभ्यास केला. जिथे टिकले, तिथे चार गोष्टी होत्या. वाटेकरी कोण ते स्पष्ट, राखणदार आपल्यातलाच, चुकणाऱ्याला आधी लहान दंड, आणि भांडण मिटवायला जवळची जागा. आपल्या आजोबांना यातले काही नवे वाटले नसते.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. एक, प्रत्येक वाडीत एक वही ठेवावी. तिच्यात तीन रकाने असावेत : काम, नाव, तारीख. नावाच्या रकान्यात 'सर्वजण' लिहायचे नाही. दोन, आपल्या सभेत आधी 'काय झाले' एवढेच बोलावे आणि बोलण्याची सुरुवात वयाने सर्वांत लहान असलेल्याने करावी; वडीलधारी बोलून गेल्यावर लहान बोलत नाहीत. तीन, बांधाचा विषय पावसाआधीच्या ग्रामसभेत आपण लेखी मांडावा. तोपर्यंत हाताने होण्यासारखे काम झालेले असावे, म्हणजे उरलेले मागताना आपला आवाज खाली येणार नाही.

आमच्या वाडीच्या वहीत पहिली ओळ मी लिहिली आहे. काम : देवळामागच्या बांधाची बिळे बुजवणे. नाव माझे. तारीख येत्या रविवारची, ओहोटी सकाळची आहे. फावडी दोन आहेत. तिसरे कोणी आणील तर बरे होईल.